आठशे ऐंशीची रेघ

मोशीच्या किसान प्रदर्शनातून परत निघताना आमच्या गाडीच्या डिकीत सातशे की-चेन उरल्या होत्या. डिसेंबर २०२२ची गोष्ट. एकूण तीन हजार करून घेतल्या होत्या, एक अठरा रुपयांना. बटण दाबलं की छोटा दिवा लागायचा, बाजूला कंपनीचं नाव. पाच दिवसांत तेवीसशे वाटल्या गेल्या, स्टॉलवरची गर्दी हटली नाही, म्हणून मी खुशीत होते. शेवटच्या संध्याकाळी सगळं आवरून पार्किंगकडे चालत निघाले तेव्हा वाटेवरच्या मातीत त्या दिसायला लागल्या. काही पायाखाली आलेल्या, काही चाकाखाली गेलेल्या. मी अकरा उचलल्या. एकीचा दिवा अजून चालू होता.

नाशिकला सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, तीसएक माणसांचं. आम्ही फवारणीची नोझल बनवतो, मुख्यतः द्राक्षबागांतल्या ब्लोअरसाठी, म्हणजे पंख्याच्या जोरावर औषध उडवणाऱ्या फवारणी यंत्रासाठी. नोझल म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण टाकीतलं औषध पानावर कसं बसणार हे त्याच्या भोकावर ठरतं. भोक झिजलं की थेंब जाड होतो, पानावरून घरंगळतो आणि महागाचं औषध मातीत जातं. आमचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, चौतीस वर्षं हेच काम करतायत. जाहिरात, प्रदर्शनं आणि डीलरांशी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो.

सोमवारी आप्पांनी एक की-चेन मागून घेतली. दाबून पाहिली. "याचा सेल किती दिवस चालतो?" मला माहीत नव्हतं. "पडली तर फुटते?" तेही माहीत नव्हतं. आप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "चाचणीच्या बेंचवर लावल्याशिवाय एक नोझल आपण दाराबाहेर सोडत नाही. याच्यावरही आपलंच नाव आहे ना?"

पुढचे नऊ महिने मी या एका प्रश्नापाठी होते.

जानेवारीत आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. संक्रांतीचं वाण लुटायचं म्हणजे काय द्यायचं यावर बायका किती बारीक विचार करतात, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. कोणाकडून आलेली चहाची गाळणी वर्षभर वापरली जाते आणि कोणाकडून आलेली आरशाची डबी पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या घरी जाते, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. माझ्या आईकडे एक स्टीलचा डबा आहे, ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेला, आत्याच्या लग्नाची तारीख असलेला. चाळीस वर्षं त्यात साखर आहे. आत्या गेली, तरी साखर काढताना आई तिचं नाव घेते. भेटवस्तूवरचं नाव कसं टिकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला आजवर सापडलेलं नाही. त्या संध्याकाळी हातात तिळगूळ आणि वाण घेऊन बसले असताना लक्षात आलं, की घरच्या वाणाला आपण जेवढा विचार देतो त्याचा दहावा हिस्साही मी त्या तीन हजार की-चेनला दिला नव्हता. कॅटलॉग उघडला, बजेटात बसतं ते निवडलं, एवढंच झालं होतं.

म्हणून या वेळी कॅटलॉग मागवलाच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचा खुडा, म्हणजे काढणी, चालू असतो. फवारण्या संपलेल्या असतात, ब्लोअर शेडमध्ये उभे असतात. या दिवसांत मी पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी या भागातल्या बावीस शेतकऱ्यांच्या पंपाच्या खोल्या पाहिल्या. खोलीच. घरात बोलावलं तर चहा घ्यायचा आणि पुन्हा शेडकडे वळायचं. फुकट मिळालेल्या वस्तूंपैकी कोणती जिवंत आहे, ते तिथे कळतं.

कॅलेंडरं प्रत्येक ठिकाणी दोन-तीन. एक पतसंस्थेचं, एक खताच्या दुकानाचं, एक कुठल्यातरी बियाण्याच्या कंपनीचं. खिळा एकच, त्यावर तिन्ही टांगलेली. चौथं कॅलेंडर छापायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात ठरलं. टोप्या मळून भोकं पडेपर्यंत वापरलेल्या होत्या, पण त्यावरची नावं धुऊन गेलेली. एका औषध कंपनीने दिलेलं दहापट मोठं दाखवणारं भिंग तीन शेडमध्ये दिसलं. लाल कोळी आणि फुलकिडे बघायला ते खरंच कामी येतं. मला ते इतकं आवडलं की आठवडाभर मी त्याच्याच पाठी लागले होते. मग मनाशी विचारलं, शेतकऱ्याने भिंगातून कीड पाहिली की त्याला पहिली आठवण कशाची होणार? औषधाची. नोझलची नाही. त्या कंपनीने आपल्या धंद्याला साजेशी वस्तू अचूक निवडली होती. आम्ही ती दिली असती तर उपयोग झाला असता, पण तिचा आमच्याशी संबंध कोणी जोडला नसता.

निफाडजवळ एका शेडमध्ये पाइप कंपनीने दिलेली पाच मीटरची टेप होती. पत्रा गंजला होता, पण रोज हातात. "हिच्यावाचून ड्रिपचं काहीच होत नाही," शेतकरी म्हणाले. पाइप विकणाऱ्याने टेप दिली. किती सरळ गोष्ट!

आणि बावीसपैकी सोळा शेडमध्ये एक गोष्ट मला दिसली जी कोणीच दिलेली नव्हती. पाण्याची बाटली मधोमध कापून केलेलं माप. एकीवर नेलपॉलिशच्या रेघा होत्या, एकीवर खिळ्याने ओरखडे. काही ठिकाणी तेही नाही, औषधाच्या बाटलीचं झाकण हेच माप. "दोन झाकणं टाकी" असा हिशेब. द्राक्षबागायतदार हा हिशेबाचा माणूस आहे. युरोपला माल पाठवायचा तर कोणत्या तारखेला कोणतं औषध किती प्रमाणात मारलं आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबला, याची नोंद त्याला ठेवावी लागते. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हाची आठवण जुने बागायतदार अजून काढतात. अशा माणसाच्या हातात कापलेली बाटली बघून मला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी वस्तू सापडली असंही वाटलं.

माप द्यायचं. पण औषध मोजायचं माप कोणीही देईल. आम्ही नोझल मोजायचं माप द्यायचं.

नोझल तपासायची एक अगदी साधी रीत आहे. टाकीत स्वच्छ पाणी भरायचं, ब्लोअरचा पंखा बंद ठेवून फक्त पंप चालवायचा, नोझलला नळीचा तुकडा लावून एक मिनिट पाणी भांड्यात धरायचं. आंतरराष्ट्रीय रंगसंकेतानुसार पिवळं नोझल ३ बार (बार हे दाबाचं माप) दाबाला मिनिटाला ८०० मिलिलिटर पाणी सोडतं. दाब चौपट केला की पाणी दुप्पट होतं, म्हणून ब्लोअर १२ बारवर चालत असेल तर अर्धाच मिनिट धरायचं, भांड्यात तेवढेच ८०० यायला हवेत. ठरलेल्या मापापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त आलं, म्हणजे ८८०च्या वर गेलं, की ते नोझल झिजलं, बदलायचं. आप्पा हे प्रत्येक डीलर मेळाव्यात सांगतात. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात, कारण शेडमध्ये मोजायला भांडंच नसतं.

म्हणजे एक लिटरचा जग, त्यावर ८०० आणि ८८० या दोन ठळक रेघा, आणि सोबत फूटभर नळी. मी कागदावर काढून आप्पांना दाखवलं तेव्हा त्यांनी तो कागद खिशात घातला. ते असं फार क्वचित करतात.

यानंतरचं काम कष्टाचं होतं. आधी मी मुंबईला अब्दुल रहमान स्ट्रीटवर जाऊन चार तऱ्हांचे मापाचे जग आणले. दिसायला सगळ्यात सुंदर होता तो काचेसारखा पारदर्शक, पॉलिस्टायरिन नावाच्या प्लास्टिकचा. आमच्या लॅबमध्ये, म्हणजे बेंचशेजारच्या टेबलावर, प्रत्येकात ईसी प्रकारचं, म्हणजे पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं, कीटकनाशक दोन इंच ओतून रात्रभर ठेवलं. या औषधांत तेलासारखं द्रावक असतं. आम्ही जग पाण्यासाठी देणार होतो हे खरं, पण ज्याच्याकडे आधी कापलेली बाटली होती तो त्यात औषध मोजणारच, हे गृहीत धरायलाच हवं होतं. सकाळी तो सुंदर जग आतून दुधाळ झाला होता, तळाला चिरा पडल्या होत्या. पॉलिप्रॉपिलीनचे तिन्ही जग जसेच्या तसे. मात्र त्यातल्या दोघांवरचे आकडे स्क्रीन प्रिंटिंगचे होते. फडक्याने पुसले तर ४०० आणि ५०० फडक्यावर आले. पॉलिप्रॉपिलीनवर शाई मुळातच नीट धरत नाही, छपाईआधी ज्योतीवरून फिरवून पृष्ठभाग तयार करावा लागतो, आणि एवढं करूनही द्रावकापुढे तिचं काही चालत नाही. चौथ्या जगावर आकडे साच्यातूनच उठलेले होते. बोट फिरवलं की लागत होते. आईच्या डब्यावरच्या ठिपक्यांसारखे.

म्हणजे आमच्या रेघाही साच्यातूनच यायला हव्या होत्या. स्वतःचा साचा बनवणं आमच्या आवाक्याबाहेरचं. चौकशी करता करता नाशिकच्याच अंबडला एक मोल्डिंगवाले भेटले, त्यांच्याकडे असल्याच जगाची डाय तयार होती. ते म्हणाले, पूर्ण डाय कशाला करता, याच्यात इन्सर्ट बसवू. म्हणजे साच्याचा एक तुकडा काढायचा आणि तिथे आपली अक्षरं कोरलेला तुकडा बसवायचा. इन्सर्टचे अठ्ठावीस हजार, जग एकेक बासष्ट रुपयांना, किमान दोन हजार नग. की-चेनच्या साडेतीनपट भाव. अकाउंट्समध्ये गेले तर तिथे आणखी एक धडा मिळाला. फुकट भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७(५). म्हणजे कर हाही आपलाच खर्च. गेल्या वर्षी की-चेनच्या वेळी हे मी बजेटात धरलंच नव्हतं. आणि डीलरांना दिवाळीला काही भारी द्यायचा विचार होता, तोही तिथेच थांबला. १ जुलै २०२२पासून एका डीलरला वर्षात वीस हजारांवर लाभ दिला की आयकराच्या तेव्हाच्या कलम १९४आरप्रमाणे १० टक्के टीडीएसची जबाबदारी येत होती. मला तर बरंच वाटलं. डीलरांसाठी आम्ही मग काउंटरमागे लावायचा एक फळा केला, प्रत्येक रंगाचं खरं नोझल बसवलेला, खाली दाब आणि पाण्याचा तक्ता. त्यांचं रोजचं निम्मं बोलणं त्या फळ्याने वाचवलं, ते आजही सांगतात.

बजेट मर्यादित होतं, म्हणून नग कमी केले. तीन हजारांच्या जागी दोन हजार, आणि प्रदर्शनासाठी बाकी काही नाही. आमच्या विक्री विभागाच्या सहकाऱ्याला ते पटलं नाही. "मॅडम, स्टॉलवर हातात काही ठेवलं नाही तर माणूस थांबत नाही." मी त्याला पार्किंगमधल्या अकरा की-चेन दाखवल्या. अजून माझ्या खणात होत्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. साच्याला हात लावण्याआधी बाजारातले साधे पांढरट जग आणून, त्यावर मार्करने रेघा मारून, मे महिन्यात मी आठ शेतकऱ्यांना वापरायला दिले. तीन आठवड्यांनी दिंडोरीकडच्या एका घरी गेले. वहिनींनी चहा टाकला, आणि दूध मोजायला ओट्यावरून तोच जग घेतला.

माझे हातपाय गार पडले. त्यांच्या यजमानांनी त्यात अजून औषध मोजलं नव्हतं, जग सरळ घरातच आला होता. पण मोजलं असतं तर? विसळून ठेवला असता, आणि कोणाला तरी स्वच्छ दिसला असता. फवारणीचं औषध ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आठवून आजही पोटात खड्डा पडतो. आणि आमच्या नावाची वस्तू एखाद्याच्या दुधात विष नेऊ शकत होती. मी वहिनींना सगळं सांगितलं, तो जग परत घेतला, त्याच दिवशी फोन करून बाकीचे सातही गोळा केले.

त्या वहिनींनीच मार्ग सुचवला. म्हणाल्या, "ताई, पांढरं भांडं दारात आलं की बाई ते आत नेणारच. ते आत येईल असं करूच नका. रंग असा द्या की ओट्यावर शोभायचा नाही, अन् टांगायला भोक पाडा. टांगलेलं राहिलं की तिथंच राहील."

रंगाचा प्रश्न सोपा नव्हता. पाण्याची पातळी दिसायला हवी, म्हणजे भांडं गडद चालत नाही. आमच्या पॅकिंगचा रंग हिरवा आणि पांढरा, तो ब्रँडला साजेसा, पण नेमका घरात खपणारा. लाल घ्यावा तर औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, ती खूण मला सैल करायची नव्हती. शेवटी आरपार दिसेल असा भगवट नारिंगी घेतला. पॅकिंगशी जुळत नाही म्हणून पुन्हा चर्चा झाली. मी अडून बसले. कंपनीचा रंग ही कंपनीची ओळख आहे हे मला मान्य, पण ती ओळख चुकून स्वयंपाकघरात पोचणार असेल तर तिथे ती नकोच. आप्पांनी नारिंगीवर सही केली. कवटीची खूण आणि "खाण्यापिण्यासाठी वापरू नये" ही ओळ साच्यात गेली. मुठीच्या टोकाला बोट जाईल एवढं भोक पडलं.

नाव कुठे घालायचं, यावर विक्रीवाल्यांशी दोन बैठका झाल्या. त्यांना समोर मोठा लोगो हवा होता, खाली फोन नंबर. माझं म्हणणं, समोर फक्त रेघा आणि आकडे. जो रोज पाणी बघणार आहे त्याच्या नजरेच्या मध्ये आपलं नाव आणायचं नाही. नाव मुठीवर, अंगठा जिथे टेकतो तिथे. हे मी जिंकले. फोन नंबर मात्र मला अजिबातच नको होता, तो त्यांनी तळाला घालायला लावला. त्यात ते बरोबर होते, पुढे कळेलच.

पहिला नमुना आला तो सपशेल फसलेला. साच्यात देवनागरी कोरणं कठीण. रोमन अक्षरापेक्षा आपल्या अक्षरात भरीव-पोकळ जागा जास्त, वर रफार, मात्रा, अनुस्वार. "थेंब"मधला अनुस्वार गायब झाला होता, "नोझल"मधल्या झचं पोट भरून गेलं होतं. इन्सर्ट कोरणाऱ्या कारागिराने मला मशीनवर नेऊन दाखवलं, टूलची जाडी एवढी, म्हणजे यापेक्षा बारीक पोकळी निघणारच नाही. मग दोघांनी बसून शब्द कमी केले. ब्रीदवाक्य काढून टाकलं. अक्षरांची उंची वाढवली. जोडाक्षरं शक्यतो टाळली. समोरच्या बाजूला उरलं ते एवढंच: "८०० ठीक. ८८० वर नोझल बदला." दुसऱ्या नमुन्यात अनुस्वार शाबूत, आकडे ठसठशीत. ८८०ची रेघ बाकी रेघांहून दुप्पट जाड घेतली. अंधाऱ्या शेडमध्येही बोटाने सापडते.

फवारणी करणाऱ्या गड्यांसाठी आम्ही वेगळं काही केलं. लांब मनगटाचे नायट्राइलचे हातमोजे, दोन-दोन जोड, त्यावर कंपनीचं नाव नाही. हातमोज्यावरचं नाव टिकत नाही, आणि ज्या हातात ते जायचे त्याला नोझल विकत घ्यायचं नसतं. तरी ते द्यायला हवेत असं मला वाटलं, आप्पांनी एका शब्दाने हो म्हटलं.

वाटायचं कधी, हेही बदललं. डिसेंबरात प्रदर्शन भरतं तेव्हा आमच्याकडच्या बागा छाटून, पोंगा म्हणजे कोवळा कोंब फुटून, डावणी या बुरशीच्या धास्तीने फवारण्यांचा रेटा जोरात चालू असतो. त्या वेळी नोझल तपासायला कोण थांबणार? ऑक्टोबर छाटणीच्या आधी, सप्टेंबरात, जो तो ब्लोअर बाहेर काढून खोलतो. म्हणून २०२३च्या सप्टेंबरात आम्ही डीलरांमार्फत गावोगाव ब्लोअर तपासणी ठेवली. ज्याच्या ब्लोअरची नोझल त्याच्याच हाताने मोजून झाली, त्याला जग. नुसता मागितला तर नाही. यात काही जण नाराज झाले, पण ज्याने एकदा पाणी धरलं त्याला ती वस्तू कशाची आहे ते सांगावं लागत नव्हतं. प्रात्यक्षिकात आम्ही पाणी पडलं की निळे ठिपके उमटणारे पिवळे कागदही पानांमध्ये टाचले. झिजलेल्या नोझलचे ठिपके बघून माणसं गप्प व्हायची. हे कागदही वाटा असं अनेकांनी सुचवलं, पण ते महाग, आणि ओल्या बोटाने धरले तरी निळे होतात. ते प्रात्यक्षिकापुरतेच.

पिंपळगावच्या एका अंगणात चौदापैकी नऊ नोझल ८८०च्या पुढे गेली. शेतकरी एकेक आकडा मोठ्याने वाचत होते, त्यांचा मुलगा वहीत लिहीत होता. त्यातली पाच नोझल आमचीच होती, पितळी, दोन हंगाम चाललेली. विक्रीचा सहकारी माझ्याकडे बघत होता. आप्पा तिथेच होते. त्यांनी आमचंही नोझल हातात घेऊन सांगितलं, "पितळ झिजतंच. सिरॅमिक जास्त चालतं, पण महाग आहे. परवडेल ते घ्या, पण दर हंगामाला मोजा."

नोव्हेंबरात तळावरच्या नंबरवर फोन यायला लागले. पहिला निफाडहून. "ताई, नवंकोरं नोझल आहे तुमचं, ८७६ येतंय." आम्ही गेलो. त्यांच्या ब्लोअरचा प्रेशर गेज बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाच्या वाळलेल्या थराने अडकला होता, काटा ३ दाखवत होता आणि दाब त्याहून जास्त होता. आमचा गेज लावला, पाणी ८००च्या जवळ आलं. माप दिलं, पण दाबाचं नाव जगावर नव्हतं, ते सोबतच्या पत्रकावर होतं, आणि पत्रक कधीच हरवलं होतं. ही चूक माझी.

आठवड्याने दिंडोरीहून दोन फोन, वेगवेगळ्या गावांतून, दोन्ही ८६०. मी गेज बदलायला सांगितलं. एकाने शेजाऱ्याचा गेज लावून पुन्हा धरलं, तरी ८६०. म्हणाले, "रेघेच्या खाली आहे हे मला दिसतंय. पण नवं असतानाच ८६०, तर सहा महिन्यांनी काय येईल?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. नव्या नोझलला आमची स्वतःची मर्यादा चाळीस मिलि इकडे-तिकडे आहे.

आप्पांनी त्या लॉटचे राखून ठेवलेले नमुने काढले. आमच्या बेंचवर सगळे ८००. मग त्यांनी बाहेरून तपासून आणलेला गेज बेंचला जोडला. आमच्या बेंचचा गेज ३ दाखवत असताना खरा दाब २.६ होता. कमी दाबाला ८०० देणारं नोझल ३ बारला ८६० देणारच. म्हणजे भोक मोठं, आणि ते आमच्याच बेंचने पास केलेलं.

आप्पा बराच वेळ त्या गेजकडे बघत उभे होते. मग मला म्हणाले, "पत्र लिही. त्या लॉटची सगळी पाकिटं परत घ्यायची, दुकानातली आणि शेतातलीही." विक्रीचा सहकारी म्हणाला, आपणच मोजायला शिकवलं म्हणून हे वर आलं. आप्पा म्हणाले, "त्यासाठीच दिलं होतं." पत्र मी रात्री लिहिलं, त्यात कारण स्वच्छ लिहिलं. पाकिटं बदलून द्यायला डिसेंबर गेला. तो हंगाम पैशाने अवघड गेला. बेंचला आता दोन गेज आहेत आणि दर सोमवारी ते एकमेकांशी ताडून पाहतात.

२०२४ साली दुसऱ्या खेपेचं काम काढलं तेव्हा इन्सर्ट पुन्हा कोरून घेतला. "३ बार १ मिनिट, १२ बार अर्धा मिनिट" ही ओळ आता जगावरच आहे. त्याआधी मी पुन्हा शेड पाहत फिरले. बहुतेक जग खिळ्यावर टांगलेले होते, नारिंगी, धुळीने माखलेले, रेघा शाबूत. दोन घरी नुसतेच बादलीत पडलेले. एकही ओट्यावर दिसला नाही, आणि मी प्रत्येक घरी ओटा बघूनच निघाले.

पिंपळगावच्या त्याच अंगणात, जिथे नऊ नोझल नापास झाली होती, तिथला जग मी खिळ्यावरून काढून उजेडात धरला. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्या मुलाने खिळ्याने बारीक अक्षरात तारखा कोरल्या होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे एकेका नोझलचा आकडा. सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी. खाली आपलं नाव घातलं होतं, वाकडंतिकडं, आमच्या नावापेक्षा मोठं.

नव्या साच्यात ती बाजू आम्ही पूर्ण मोकळी सोडली आहे.